गृहपाठ बंद करून शाळा पाचपर्यंत? मुलं बसवणार कुठे?

परळच्या बाई
कालची ती पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा. "गृहपाठ बंद करा, शाळा संध्याकाळी पाचपर्यंत ठेवा, सगळा अभ्यास शिक्षकांसमोर होऊ दे," असं त्यात होतं, आणि खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. मुंबईतली दोन अधिवेशनांची शाळा आतून बघितली आहे का कुणी? आमच्याकडे सकाळी सातला प्राथमिक भरते, साडेबाराला त्याच बाकांवर माध्यमिक बसते. जिन्यात एक लोंढा उतरतो, दुसरा चढतो, मध्ये शिपाईमामा हात आडवे करून उभे. २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका म्हणून जीआर आला, तेव्हाही खोल्यांवरच घोडं अडलं. शिक्षकांचे आठवड्याला ४५ तास आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, तयारीसकट धरलेत. वह्या तपासणं, पेपर, वर बीएलओची, म्हणजे मतदार यादीच्या कामाची, ड्युटी. आणखी तास आणायचे कुठून?

विरार फास्ट
खोल्यांचं पटलं. पण आम्ही नवरा-बायको घरी पोचतो रात्री साडेआठला. तेव्हा कुकर लावायचा की अपूर्णांक शिकवायचे? मुलगी शाळेतून पाळणाघरात, तिथून क्लासला. म्हणजे तिचा दिवस पाचच्या पुढेच जातो, फक्त त्याचे पैसे आम्ही तीन ठिकाणी भरतो. तेच तास शाळेने घेतले तर बिघडलं कुठे?

मैदानवाला
बिघडेल ते मैदानाचं. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडतो. पाचला सुटलेलं पोर घरी जाऊन, दोन घास खाऊन खेळायला येणार कधी? सरावाला येणारी मुलं क्लासमुळे आधीच निम्मी झालीत.

मुलुंडची आई
सगळे गृहपाठावर घसरताय. खरा जाच प्रोजेक्टचा आहे! रात्री दहाला ग्रुपवर मेसेज येतो, उद्या चार्ट पेपर, पाच प्रकारची पानं आणि ज्वालामुखीचं मॉडेल. दुकानं बंद झालेली. आमच्या स्टेशनजवळचा स्टेशनरीवाला तयार सौरमाला विकतो, शनीची कडी चिकटवलेली, मुलाचं नाव घालायला खाली कोरी पट्टी. मूल फक्त पट्टी भरतं.

परळच्या बाई
ती सौरमाला विकत कोण घेतं? आम्ही सांगून थकलो, मुलाच्या हातचं आणा. पालकांनाच शेजारच्या मुलापेक्षा भारी हवं असतं.

मुलुंडची आई
अहो, आणलं होतं हातचं! लेकाने पुठ्ठ्याची पवनचक्की केली, फिरायचीसुद्धा. ती मागच्या बाकावर ठेवली आणि दुकानातल्या धरणाला पहिला नंबर. घरी येऊन त्याने पंखे उपटून काढले. पालकांना दोष देण्याआधी नंबर काढणं बंद करा.

परळच्या बाई
मी नंबर काढत नाही. सगळ्या शिक्षकांना एका माळेत ओवू नका.

मुलुंडची आई
मग "पालकांनाच" म्हणून सगळ्या पालकांना तुम्ही कशात ओवलंत?

निवृत्त हेडमास्तर
दोघीही जरा थांबा. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात स्पष्ट आहे: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास. एवढं पाळलं तरी निम्मी तक्रार मिटेल. नुसत्या बंदीने काही होत नाही. फ्रान्समध्ये प्राथमिकच्या लेखी गृहपाठावर १९५६ पासून बंदी आहे, तरी तो दिला जात राहिला.

गिरणगावचा पोरगा
सर, तिसरीच्या मुलाला दोन तास दिले काय आणि दहा मिनिटं दिली काय, बसायला जागा लागते. आमची दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, वडील रात्रपाळी करून झोपलेले. वही मांडीवर घेऊन जिन्यातल्या दिव्याखाली बसायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट द्यायला दर वेळी उठायचं. अक्षर बिघडायचं आणि त्यावरून वर्गात पट्टी बसायची. लोक हे कौतुकाने ऐकतात, मला अजून राग येतो. ज्याच्या घरी टेबल त्याचा गृहपाठ चांगला, हा अन्याय आहे. याच शहरात शाळांच्या इमारतीत रात्रशाळा चालतात ना? मग दिवसाची शाळा आहे तेवढीच ठेवा आणि सहा ते आठ चार वर्ग अभ्यासाला उघडे ठेवा. यायचं त्याने यावं.

मैदानवाला
सहानंतर आणि ऐच्छिक असेल तर माझी तक्रार नाही.

परळच्या बाई
हे होण्यासारखं आहे, एवढं मान्य करते. पण बसणाऱ्या माणसाला वेगळं मानधन हवं. आमच्याच गळ्यात मारणार असाल तर माझा विरोधच. शिपाईमामांच्या जादा तासांचे पैसेही कोणी द्यायचे ते आधी ठरवा.

विरार फास्ट
मानधन द्याच, आमच्या क्लासच्या फीपेक्षा जास्त होणार नाही. पण आठला सुटलेल्या मुलीला न्यायला कोण येणार? आमची गाडी तेव्हा भाईंदरच्या पुलावर असते. साडेआठपर्यंत करा.

परळच्या बाई
बघा, लागलीच अर्धा तास वाढला.