पेटी, टाळ आणि उपासना
कुणीतरी लिहिलंय की चर्चचं खरं संगीत म्हणजे ऑर्गन, तबला-पेटी ही नंतरची नक्कल. पटलं नाही. मराठी कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तावर अभंग रचले, कारण तुकोबा आधीपासूनच कानात होते. (पेटी तरी कुठली आपली? तीही युरोपातूनच आली!) इथिओपियात चौथ्या शतकापासून ख्रिस्ती धर्म आहे, तिथे उपासनेत मोठे ढोल वाजतात. ती कुणाची नक्कल म्हणायची?

आमच्या सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कन्नड सगळंच कानावर पडतं. नाताळात मित्राकडे गेलो होतो, मराठी भजन चाललेलं आणि त्याची आजी मधूनच तेलुगूत सूर मिसळत होती. टाळ मात्र एकदाही चुकला नाही तिचा.