शब्दचर्चा : 'अनुकूलन', 'जुळवून घेणे' आणि 'निवड'

खाडीकाठची :
नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटातल्या बायका पाहुण्यांना होडीतून खाडीची फेरी मारून आणतात, तिवरं, कांदळं, चिपी ही खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटीची झाडं दाखवतात. होडीत काय सांगायचं ते लिहून काढायचं काम माझ्याकडे आलंय. जमवलेल्या माहितीत एका ठिकाणी आहे, "तिवराने खाऱ्या पाण्याशी अनुकूलन साधले." दुसरीकडे 'समायोजन' आहे. तिसरीकडे "तिवर खाऱ्या पाण्यात राहायला शिकले" आणि चौथीकडे "निसर्गाने तिवराची निवड केली". या चारही वाक्यांचा अर्थ एकच का? होडीत शाळकरी मुलं असतात, कोल्हापूर-सांगलीकडची माणसं असतात. त्यांना चटकन कळेल आणि चुकीचंही नसेल असं काय लिहू?

शब्दवेल्हाळ :
'समायोजन' पहिलं काढून टाका, ताई. तो शब्द कचेरीतला आहे. शिक्षकांचं समायोजन होतं, रकमेचं समायोजन होतं. झाडाला तो शोभत नाही.
'अनुकूलन' हा शास्त्रातला रुळलेला शब्द, मराठी विश्वकोशातही तोच आहे. तुमच्या खाडीला तर तो फारच शोभतो. संस्कृतात 'कूल' म्हणजे काठ. काठाला, उताराला धरून जाणारं ते अनुकूल, त्याच्या उलट ते प्रतिकूल.

कातळवाटा :
शब्दवेल्हाळ यांच्याशी सहमत. ताई, मी बरीच वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलं आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. तुमच्या चार वाक्यांत शब्दाइतकंच लक्ष कर्त्याकडे द्या. "तिवर शिकलं" म्हटलं की एक झाड डोळ्यांपुढे येतं, ज्याने आपल्या हयातीत स्वतःत काहीतरी बदल करून घेतला. तसं काही घडलेलं नाही. आज खाडीत उभं असलेलं प्रत्येक तिवर मीठ बाहेर टाकण्याची सोय घेऊनच रुजलेलं आहे. बदल झाला तो पिढ्यांमध्ये.
त्याच्या फार मागच्या पूर्वजांत रोपारोपांत थोडा थोडा फरक होता. कुणाच्या मुळातून मीठ जरा कमी आत यायचं, कुणाच्या पानातून जरा जास्त बाहेर पडायचं. भरतीचं पाणी पोचतं त्या चिखलात ज्या रोपांना हे थोडं बरं जमत होतं ती वाढली, फुलली, त्यांचं बी जास्त पडलं. बाकीची सुकली किंवा त्यांना बी कमी धरलं. जगलेल्यांचा गुण त्यांच्या बियांत उतरला. पुढच्या पिढीत तो गुण असलेली रोपं थोडी जास्त, त्याच्या पुढच्या पिढीत आणखी जास्त. असं अगणित पिढ्या होत राहिलं, त्याला नैसर्गिक निवड म्हणतात. त्यातून जे अंगी आलं ते अनुकूलन.
'अनुकूलन' दोन तऱ्हांनी वापरतात, तेही लक्षात असू द्या. "या झाडांत हळूहळू अनुकूलन होत गेलं" इथे ती प्रक्रिया आहे. "चिखलातून वर आलेली श्वसनमुळं हे तिवराचं अनुकूलन आहे" इथे ती अवयवाची घडण आहे. दोन्ही बरोबर. फक्त 'साधले' हे क्रियापद नको. साधायला हेतू लागतो, आणि झाडाला तसा हेतू नव्हता.
आता तुमच्याच खाडीतली गोष्ट सांगतो, ती होडीत जरूर सांगा. खारफुटी म्हणून आपण जी झाडं एकत्र मोजतो ती एका घराण्यातली नाहीत. तिवर अडुळशाच्या कुळातलं. चिपी ताम्हण आणि मेंदीच्या कुळातली. काजळा वावडिंगाच्या कुळातला, आणि कांदळाचं कूळ या सगळ्यांहून निराळं. वेगवेगळ्या घरची झाडं एकाच खाऱ्या चिखलात आली आणि प्रत्येकाचा मार्ग निराळा निघाला. तिवराची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात आणि तरीही आत आलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडतं. कांदळाच्या पानाला तशा ग्रंथी नाहीत, त्याची सगळी भिस्त मुळातल्या गाळणीवर. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं पेन्सिलीसारखी वर डोकावतात, तर कांदळ खोडापासूनच टेकू सोडून उभं राहतं. एखाद्याने ठरवून, नकाशा काढून ही झाडं घडवली असती तर एवढे निरनिराळे उपाय दिसले नसते. ज्याच्याकडे जे होतं त्यातूनच निवड होत गेली. मला स्वतःला ही गोष्ट अतिशय सुंदर वाटते.

मोहोर :
सर, एक विचारतो. माझी देवगडला हापूसची कलमं आहेत. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "तुडतुड्यांका औषध आता लागणा नाय, तेंका सवय झाली." मग ही सवय आणि तुमचं अनुकूलन एकच का? तुडतुडा औषध खाऊन खाऊन घट्ट होतो का?

कातळवाटा :
मोहोरदादा, याहून चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं. एकच एक तुडतुडा घट्ट होत नाही. औषध अंगावर पडलं की तो मरतो किंवा वाचतो. वाचला तर बहुधा त्याच्या शरीरात ते विष मोडून काढण्याची किंवा त्याचा परिणाम न होऊ देण्याची थोडी ताकद आधीपासून होती म्हणून. ती ताकद औषधाने दिलेली नाही. हजारो तुडतुड्यांत एखाददुसरा तसा निघतोच. फवारणीने बाकीचे गेले, मोहोर या उरलेल्यांना मोकळा मिळाला, आणि पुढची पिल्लावळ त्यांचीच झाली. तुडतुड्याची पिढी काही आठवड्यांत पुरी होते. त्याच औषधाने हंगामामागून हंगाम फवारणी केली की बागेत औषधाला दाद न देणाऱ्यांचीच वस्ती होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या फवारणी वेळापत्रकात दर फवारणीला औषध बदललेलं असतं, त्यामागे हाच विचार आहे.
म्हणून बागेत बोलताना 'सवय झाली' ठीक आहे, पण लिहिताना 'प्रतिकारशक्ती असलेल्या तुडतुड्यांचं प्रमाण वाढलं' असं लिहावं. सवय होणे, सरावणे, रुळणे, अंगवळणी पडणे हे सगळे शब्द एका आयुष्यापुरते. घाटावरचा माणूस कोकणात बदलून आला की पहिले काही दिवस घामाने हैराण होतो, मग त्याचं अंग दमट हवेला सरावतं. हे खरंच होतं, शरीर तेवढं बदलतं. पण त्याचं मूल जन्मतः सरावलेलं येत नाही. 'जुळवून घेणे' मी याच गटात धरतो.

मोहोर :
हे एकदम डोक्यात उतरलं. म्हणजे मुळात फरकच नसेल तर निवड कशातून होणार? रायवळाच्या कोयी लावल्या तर प्रत्येक झाडाचा आंबा निराळा. कुणाचा आंबट, कुणाचा रेषाळ, एखाद्याचा मात्र असा की विचारू नका. हापूस कलमाने वाढवलेला, त्यामुळे सगळी झाडं एकाच झाडाच्या फांद्या म्हणायच्या. मग रोग आला तर सगळ्यांवर सारखाच.

कातळवाटा :
अगदी तेच. फरक हवा, तो वारशाने उतरणारा हवा, आणि त्या फरकाने जगण्यात किंवा संतती होण्यात काही कमीजास्त व्हायला हवं. तिन्ही असतील तरच निवड.

वाळूवरचा :
मग एक शंका. आमच्याकडे वेळासला कासवांची घरटी असतात. मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. राखण नसेल तर कोल्हा-कुत्रा घरटं उकरून सगळी अंडी खातो. ही पण नैसर्गिक निवडच ना?

कातळवाटा :
प्रत्येक मरण म्हणजे निवड नव्हे. कोल्ह्याच्या वाटेत जे घरटं आलं ते गेलं, यात त्या अंड्यांच्या गुणदोषांचा संबंध नसेल तर तो निव्वळ योगायोग. तोच कोल्हा उथळ घरटी जास्त उकरत असेल आणि खोल खणण्याची खोड आईकडून लेकीकडे उतरत असेल, तर मात्र तिथे निवड सुरू झाली. एवढी अंडी घालावी लागतात यावरूनच कळतं की समुद्रात मोठी होईपर्यंत फार थोडी उरतात.

खाडीकाठची :
सर, मोठी मदत झाली. पण मला 'निवड' हाच शब्द खटकतोय. होडीत "निसर्गाने निवड केली" म्हटलं की लगेच कोणीतरी "म्हणजे देवाने का?" असं विचारणार. निवड म्हटली की निवडणारा आलाच.

शब्दवेल्हाळ :
खटकतोय ते बरोबर आहे. पण मराठीतलं 'निवडणे' जरा उलगडून पाहा. त्याचे दोन अर्थ आहेत. बियाण्यासाठी भरलेल्या लोंब्या निवडतात, तेव्हा चांगलं ते उचलून घेतात. तांदूळ निवडायला बसतात, तेव्हा खडे आणि भात वेचून टाकतात. तांदळाला कोणी हात लावत नाही, तो सुपात उरतो. नैसर्गिक निवड या दुसऱ्या अर्थाच्या जवळ आहे. न जमणारं गळत जातं आणि उरतं त्यातून पुढचं येतं. सूप धरणारं मात्र कोणी नाही, एवढं जोडून सांगावं लागेल.

कातळवाटा :
फार नेमकं सांगितलंत. शब्दाची ही अडचण खुद्द डार्विनलाही आली होती. १८५९ साली त्याचा ग्रंथ निघाला, त्याचं पहिलंच प्रकरण माणसाने पाळलेल्या प्राण्यांवर आणि लावलेल्या झाडांवर आहे. कबुतरं पाळणारे लोक हवी ती जोडी निवडून नव्या तऱ्हा काढतात, तिथून तो निसर्गाकडे वळला आणि 'निवड' शब्द तसाच बरोबर आला. मग आक्षेप आले की निवडणारा कोण? १८६१ च्या आवृत्तीत त्याने मान्य केलं की शब्दशः घेतलं तर ही संज्ञा खोटी आहे, ते रूपक आहे. याच सिद्धांतापर्यंत स्वतंत्रपणे पोचलेल्या वॉलेसने १८६६ मध्ये त्याला पत्र लिहून सुचवलं की 'निवड' सोडा आणि तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरची 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट', म्हणजे 'सर्वांत साजेसं ते टिकतं', ही शब्दयोजना घ्या. १८६९ च्या आवृत्तीत डार्विनने ती घेतली, आणि त्यातून दुसराच घोटाळा झाला. आपल्याकडे तिचं "बळी तो कान पिळी" झालं. ताई, ही म्हण कृपा करून होडीत आणू नका. ती माणसांच्या अन्यायाबद्दलची म्हण आहे. निसर्गात टिकण्यासाठी बळ लागतंच असं नाही, त्या जागेला साजेसं असणं लागतं.
ओहोटीला तुमच्या चिखलावर निवटी उड्या मारताना दिसतात, त्यांच्याकडे बोट दाखवा. बोटाएवढा मासा, बगळ्याने टिपावा असा. पण डोळे डोक्यावर उंच आलेले, पुढच्या परांवर रेटा देत चालणारा, गालफडांत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत पाण्याबाहेर राहणारा. भरतीची वाट न बघता त्याला चिखलावर चरता येतं, आणि ती जागा बाकीच्या माशांना मिळत नाही. बळाचा इथे काय संबंध?

शब्दवेल्हाळ :
जाता जाता 'उत्क्रांती'बद्दल. त्यात 'उत्' आहे, म्हणजे वर किंवा बाहेर. संस्कृतात जीव देह सोडून जातो त्यालाही उत्क्रांती म्हणत. वरच्या 'उत्'मुळे आपल्याला ती चढती पायरी वाटते. विश्वकोशात 'क्रमविकास' आहे, त्यातल्या 'विकासा'मुळेही तोच समज होतो.

कातळवाटा :
त्यावर उतारा म्हणून देवगांडूळ सांगा. पावसाळ्यात माती उकरताना निघतं आणि लोक साप समजून मारतात. ते बेडकाचं भाईबंद आहे. पाठीला कणा आहे, तोंडात दात आहेत. त्याच्या पूर्वजांना पाय होते. मातीत घुसून जगणाऱ्यांना पायांची अडचणच झाली असावी. ते गेले, डोळेही बारीक झाले. पाय गेले तरी ती उत्क्रांतीच.

वाळूवरचा :
आणि 'जाती' की 'प्रजाती'?

कातळवाटा :
विश्वकोशाच्या पद्धतीने 'जाती', आणि जवळच्या जातींचा गट ती 'प्रजाती'. वर्तमानपत्रांत जातीलाच प्रजाती म्हणतात. काहीही घ्या, पण सगळीकडे एकच ठेवा.

खाडीकाठची :
मंडळी, असं लिहिलंय, बघा :
"ही झाडं खाऱ्या चिखलात राहायला शिकली नाहीत. फार पूर्वी यांच्या पूर्वजांत ज्या रोपांना मीठ थोडं जास्त सोसायचं ती जगली आणि त्यांचं बी पुढे गेलं. अशा असंख्य पिढ्यांनंतर आज ही झाडं दिसतात. याला नैसर्गिक निवड म्हणतात. निवडणारं कोणी नाही, भरती-ओहोटी आणि चिखल आहे. समोरच्या झाडाच्या पानावर हात फिरवा, बोट जिभेला लावा, मीठ लागेल."

कातळवाटा :
उत्तम झालंय, एक शब्दही बदलू नका. फक्त होडी तिवराच्या किंवा काजळ्याच्या बाजूला लावा. कांदळाच्या पानावर मीठ लागायचं नाही. आणि पावसाची सर येऊन गेली असेल तर तिवराचंही धुऊन गेलेलं असतं, तेव्हा ऊन तापल्यानंतरची फेरी बरी.