माथेरानला बारा महिने राहणं जमेल का?

डोंबिवलीचा_लेक

नमस्कार. माझं काम आता घरूनच चालतं. आईला दमा आहे, वय ७१, आणि इथली धूळ तिला सोसत नाही. दिवाळीत माथेरानला राहिलो तेव्हा तिला रात्रभर शांत झोप लागली. तिथे भाड्यानं घर घेऊन कायमचं राहावं असं मनात आहे. सीझन संपल्यावर गावात माणसं किती उरतात? शेजारपाजार असतो की नुसती बंद हॉटेलं?

खानावळवाली

दादा, लग्न होऊन मी या गावात आले, मुलं इथेच वाढवली. बाजारपेठेत आमची खानावळ आहे. शेजार आहे, आणि तो चांगला आहे. पण गाव आटत चाललंय. २००१च्या जनगणनेत आम्ही ५,१३९ होतो, २०११ला ४,३९३. मे महिन्यात रस्त्यावर जी गर्दी दिसते तिच्यात गावातली माणसं थोडीच. घोडेवाले, हमाल, हॉटेलातली पोरं यांतले कितीतरी पायथ्याच्या वाड्यांतून येतात आणि काम संपलं की उतरतात.

दहावी झाली की मुलं कॉलेजला खाली जातात, नोकरी तिकडेच लागते. शिवाय २००३पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालाय, नवीन बांधकामाला फार बंधनं आहेत. झाडं त्यामुळेच वाचली, हे मी मनापासून मानते. पण दोन भावांचे संसार एका घरात मावेनासे झाले की एक भाऊ नेरळला खोली बघतो. माझा थोरला तसाच गेला. मला त्याचं वाईट वाटतं.

आता आईंचं. दिवाळीची हवा बघून ठरवू नका. आमचा पाऊस जूनमध्ये लागतो तो सप्टेंबर संपेपर्यंत हलत नाही. मे संपायच्या आत घरोघरी पावसाच्या बाजूच्या भिंतींना प्लास्टिक नाहीतर झावळ्या बांधून घेतात, त्यामुळे घरात दिवसाही दिवा लावावा लागतो. मिठाचं पाणी होतं, काडेपेटी डब्यात ठेवली तरी पेटत नाही. धुतलेली चादर शेगडीजवळ दोन दिवस टांगली तरी तिचा कुबट वास जात नाही. भिंतीला बुरशी धरते, आणि दम्याच्या माणसाला तीच बाधते. माझ्या सासूबाईंना दमा होता. पावसाळ्यात त्यांना दरवर्षी नणंदेकडे कर्जतला ठेवायचो.

पायथ्याचा

ताईंचं बरोबर आहे. आमचे घोडे आहेत. पावसाळ्यात धंदा नसतो, वडील घोडे खाली घेऊन येतात. मी सीझनपुरता वर असतो.

खर्चाचंही बघा. गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यापुढे मोटारगाडीला बंदी आहे. सिलिंडर, दूध, तांदूळ सगळं तिथून घोड्यावर नाहीतर माणसाच्या डोक्यावर येतं, म्हणून भाव चढलेले असतात. ई-रिक्षा आल्यापासून म्हाताऱ्या माणसांचं येणंजाणं सोपं झालंय. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असं सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं. माणसानं माणसाला ओढत चढावर न्यायचं, ते थांबायलाच हवं होतं. फक्त ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाल्या पाहिजेत.

डोंबिवलीचा_लेक

ताई, बुरशीचा विचारच केला नव्हता. आणि रात्री धाप लागली तर? मिनी ट्रेननं खाली आणता येईल?

खानावळवाली

ट्रेनच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात नेरळची गाडी बंदच असते, फक्त दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनपर्यंतची शटल चालते. गावात रुग्णवाहिका आहे, तिला बंदी नाही. साधा दवाखानाही आहे. पण मोठा इलाज खालीच, आणि घाटात धुकं असलं की गाडी फार हळू उतरते.

माझं ऐकाल तर घर घेऊ नका. नोव्हेंबर ते मे दोघं वर राहा, पावसात आईंना डोंबिवलीला न्या. त्यातही मे महिन्यात लाल माती फार उडते, तेव्हा बाजाराच्या रस्त्याला लागून खोली नको. आत झाडीत, सपाटीवरची बघा, म्हणजे आईंना चढ लागणार नाही. सीझनचा दर लावणार नाहीत अशी दोन-तीन घरं माझ्या माहितीत आहेत. भाडं सातही महिन्यांचं ठरवून घ्या, महिन्याचं ठरवलंत तर नाताळात खोली रिकामी करायला सांगतील. आणि पंप, औषधं महिनाभराची जास्तीची आणा, इथे हवं ते औषध वेळेला मिळेलच असं नाही.