प्रार्थना करूनही बरं होत नाही, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

नगरची_सून:
जय ख्रिस्त सगळ्यांना. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दरवेळी चार तास. उपवास प्रार्थना झाल्या, प्रार्थनेचं तेल लावून झालं, आता आमच्या चर्चच्या मंडळीतलेच लोक म्हणतात ताई विश्वासात कमी पडताय, काहीतरी पाप लपवलेलं असेल ते कबूल करा. मागच्या रविवारी साक्षीची, म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सांगायची वेळ आली तर मी उठून बाहेर जाऊन बसले. खरं सांगू, देवाचा राग येतो आणि मग राग आला म्हणून भीती वाटते. कोणाला असं झालंय का?

शेवटचा_बाक:
ताई आधी ते पापाचं डोक्यातून काढा. बायबलमध्ये ईयोबाचं सगळं गेलं, अंगभर फोड आले, तेव्हा त्याचे तीन मित्र हेच बोलत होते ना? सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर बरे होते, तोंड उघडलं आणि घोळ झाला 😅 आणि शेवटी 42व्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर, माझ्याविषयी ईयोब बोलला तसं तुम्ही नीट बोलला नाहीत म्हणतो. ईयोब तर जन्मलो त्या दिवसाला शिव्या घालत होता! स्तोत्र 88 वाचा, एकटीने. बाकीची बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलंय. माझी आई गेली तेव्हा मला दुसरं काही वाचवत नव्हतं.

प्रार्थनावीर77:
बंधू, पण लोकांना निराश करू नका. प्रभू आजही बरं करतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. ताई, मागणं सोडू नका एवढंच.

शेवटचा_बाक:
सोडा कोण म्हणतंय? बायबलात मार्क 9 मधला आजारी पोराला येशूकडे आणणारा तो बाप काय म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. अर्धामुर्धाच विश्वास होता, तरी पोरगा बरा झाला. मग ताईंच्या विश्वासाला मोजपट्टी कशाला लावायची.

वसईकर:
मी कॅथलिक, मधे बोलतोय माफ करा. आमच्याकडे गुड फ्रायडेनंतरच्या शनिवारी दिवसभर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना नसते, वेदी उघडीबोडकी असते, सगळं रात्रीच्या जागरणापर्यंत थांबलेलं. लहानपणी तो दिवस नुसता कंटाळवाणा वाटायचा, बायको आयसीयूत होती तेव्हा कळला. पंडिता रमाबाईंचं बघा, 1921 ला मनोरमा गेली, एकुलती एक लेक, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, तोवर बायबलच्या भाषांतराचं काम चालूच. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?
आणि एक व्यवहाराचं, सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हॉस्पिटलमध्ये योजनेचा माणूस असतो, त्या आरोग्यमित्राला विचारलंत का? मंडळीतल्या कोणाला तरी सांगा, उपदेश नको, मंगळवारी चार तास यांच्याजवळ येऊन बसा, मी तेवढी झोपते.

नगरची_सून:
काल रात्री 88 यांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, परत वाच. मग दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मंगळवारचं धाकट्या जाऊबाईंना विचारलंय, हो म्हणाल्यात. योजनेचं मात्र कोणी सांगितलंच नव्हतं हो, दीड वर्ष पदरचे पैसे भरतोय. रेशनकार्ड अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते चालेल का?