मदत हवी आहे: कंट्रोलिंग आई असलेला जपानी ड्रामा सुचवा

मला असा जपानी ड्रामा हवाय ज्यात कॉलेजच्या वयातलं प्रेम आहे आणि आईची पकड त्या प्रेमावर सतत पडलेली दिसते. 'काहोगो नो काहोको' (२०१७, निप्पॉन टीव्ही, १० भाग) बघून झालाय आणि फार म्हणजे फार आवडला, त्यात काहोकोचे कपडे आई ठरवते, डबा आई करते, स्टेशनला आईच गाडीने सोडते, आणि मग तो चित्रकार व्हायचं म्हणणारा हाजिमे तिला तोंडावर खरं सांगतो तिथून खरी मजा सुरू होते. कुरोकी हितोमीने आई अशी केलीय की राग पण येतो आणि जीव पण तुटतो!

त्याच वर्षीचा एनएचकेचा 'ओकासान, मुसुमे ओ यामेते ई देस का' पण बघितलाय, चांगलाय पण तो जास्त घुसमटवणारा आहे, लगेच परत तसं नकोय. १९९२ चा 'झुत्तो आनाता गा सुकी दात्ता' सुचवू नका प्लीज, तिथे मुलगा आईच्या मुठीत आणि गोष्ट लग्नानंतरची, मला लग्नाआधीचीच हवीये.

कोरियन नको, अ‍ॅनिमे पण नको. जपानी येत नाही त्यामुळे इंग्लिश सबटायटल्स पाहिजेतच, आणि भारतात रीतसर बघता आलं पाहिजे. शेवट सांगू नका.

आई नुसती खलनायिका नाही, तिची बाजू पण कळते, असा कुठला आहे आणि कुठे बघायला मिळेल?