वेग निव्वळ मोटरवर नाही
कॅसेट डेकची मोटर चांगली असली की टेपचा वेग स्थिर राहतो, असं म्हणतात. तेवढ्याने भागत नाही. टेप सेकंदाला 4.76 सेंमी सरकते ती कॅपस्टन (फिरणारा बारीक धातूचा दांडा) आणि त्यावर टेप दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरच्या चिमटीतून. कॅपस्टनला जोडलेलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, मोटरचे बारीक हिसके गिळून टाकतं. नाकामिची या जपानी डेक कंपनीने तर हेडच्या (टेप वाचणाऱ्या भागाच्या) दोन्ही बाजूंना कॅपस्टन दिले, तेही मुद्दाम वेगवेगळ्या व्यासांचे, म्हणजे दोघांची थरथर एकाच लयीत येत नाही. मधली टेप इतकी नीट ताणलेली राहते की टेप हेडवर दाबणारी कॅसेटमधली फेल्टची गादी लागतच नाही. डेक ती मागे ढकलतो. काय विचार केलाय! सतारीची लांब मींड लावून बघा, वेग जरा डगमगला तरी लगेच कळतं. आणि मोटर बदलण्याआधी कॅपस्टनवरचा तपकिरी थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.