मुहूर्त दुपारचा, रोल छत्तीसचा: गावाकडचं लग्न फिल्मवर काढावं का?

काळी_कसदार (धागा सुरू)

पुण्या-बंगळुरात नोकरीला असलेली आपल्याकडची मुलं लग्नाला गावी येतात आणि हल्ली फोटोवाल्याला एक नवं वाक्य ऐकवतात: "फोटो फिल्मवर पाहिजेत, डिजिटल नको." माझं मत आधीच मांडतो, मग तुटून पडा. अक्षय्य तृतीयेपासून ज्येष्ठापर्यंतच्या हंगामात विदर्भातल्या खेड्यातलं अख्खं लग्न फिल्मवर घेणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशानं खेळलेला जुगार आहे.

साक्षगंध सोडून द्या. हळद, मारोतीच्या देवळापासून निघणारी वरात, लग्न, आहेर, पंगती आणि बिदाई एवढंच धरलं तरी पंधरा रोल लागतात. ३५ एमएमच्या रोलमध्ये ३६ फ्रेम, म्हणजे एकूण ५४०. रोल आणि त्याचं धुणं-स्कॅनिंग मिळून दोन हजार धरा. तीस हजार नुसत्या मालाचे झाले. मेहनत, जोडीदार माणूस, अल्बम यातलं अजून काहीच आलेलं नाही.

वरून ऊन. पोर्ट्रा ४०० या रंगीत फिल्मसाठी ती बनवणारी कोडॅक सांगतं की न उघडलेला रोल २१ डिग्री किंवा त्याहून थंड जागी ठेवा. मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुराकडे पारा ४५ च्या पुढं जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीचं तर विचारूच नका. फिल्मवरचे रंगांचे थर उष्णतेनं सारख्या वेगानं म्हातारे होत नाहीत. सावल्यांवर धुकं चढतं, रंग एका अंगाला कलतो, आणि स्कॅनिंगवाल्यानं एक रंग सुधारला की दुसरा बिघडतो. शेवटी नवरीची मावशी म्हणणार, "पोरगी अशी हिरवी कशी दिसते?"

चांदीचा_कण

उन्हाची भीती दाखवलीत, पण त्याच उन्हात फिल्म जिंकते ते सोयीस्कर विसरलात.

दुपारी साडेबाराचा मुहूर्त. एकाच फ्रेममध्ये आजोबांचं पांढरं धोतर, नवरदेवाच्या फेट्याची जर आणि रापलेले चेहरे. डिजिटलमध्ये चेहरा उजळ करायला गेलात की धोतर फाटतं, म्हणजे नुसतं पांढरं होतं, मग त्याच्या निऱ्या कोणत्याच सॉफ्टवेअरमधून परत येत नाहीत. रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) जास्त प्रकाश आरामात पचवते. तिला सोसत नाही तो कमी प्रकाश. म्हणून ४०० चा रोल (४०० म्हणजे आयएसओ, उजेडाची संवेदनशीलता) २०० वर लावायचा, म्हणजे दुप्पट उजेड मिळतो, मीटर सावलीतल्या गालावर धरायचं आणि निर्धास्त बटण दाबायचं. गव्हाळ, सावळ्या कातडीला उजेडाकडून सावलीकडे जो हळूवार उतार मिळतो, तो हाच.

राहिला रोल सांभाळायचा प्रश्न. थर्माकोलचा डबा, त्यात टॉवेलात गुंडाळलेल्या गार बाटल्या, आणि रोल झिपच्या पिशवीत हवा काढून बंद. लावायच्या तास-दीड तास आधी पिशवी न उघडता सावलीत काढून ठेवायची. थंड रोल थेट गरम हवेत उघडला तर त्यावर दव धरतं, आणि ते डाग नंतर निघत नाहीत. काढून झालेला रोलही परत डब्यातच, कारण टिपलेलं पण न धुतलेलं चित्र उष्णतेला जास्त हळवं असतं.

रॉ_राजेहो

भाऊ, निऱ्या कॅमेऱ्यानं नाई, सेटिंगनं फाटतात. लोकं जेपीजीत काढतात, पडद्यावर चेहरा पाहून एक्स्पोजर चढोतात, अन् मंग डिजिटलच्या नावानं रडतात. रॉमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा) काढा, एक स्टॉप खाली ठेवा, सावल्या मागून उचला. फिल्मचं गणित उलटं केलं का झालं काम.

तुम्ही उन्हाचं बोलले, आता मांडवाचं बोलू. आजकाल अर्ध्या गावात मांडवावर हिरवी नेट असते. बाराच्या उन्हात तिच्याखाली उभा असलेला हरएक मानूस कावीळ झाल्यावानी दिसते. डिजिटलमध्ये राखाडी कार्ड नवरीच्या हातात देऊन एक फोटो घ्या, व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) तिथंच बसते. नेटच्या कडेले बसलेल्या बायांवर अर्धं ऊन अन् अर्धा हिरवा उजेड असतो, तिथं रॉमध्ये बी घाम निघते, पण निघते तरी. अन् फ्लॅश वर करून नेटवर मारू नका. अर्धा उजेड आभाळात जाते, उरलेला हिरवा होऊन खाली येते. लाल-पिवळ्या कापडाचा मांडव असला तरी तेच. पांढरी छत्री नाईतर थर्माकोलची शीट धरा, त्याच्यावर मारा.

फिल्मवाल्यानं हे कसं करावं? काचेवर (लेन्सवर) मजेंटा फिल्टर लावंल, अन् दोन मिनिटांनी वरातीत बाहेर गेला का काढंल?

चांदीचा_कण

हो, काढेल. फिल्टर काढायला चार सेकंद लागतात.

दुसरा_शटर

उन्हात भर-फ्लॅश (सावली उजळायचा फ्लॅश) कसा द्यायचा हे कोणीच बोललं नाही. नवरदेवाच्या मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर पडते, फ्लॅश तर लागतोच.

स्वच्छ उन्हात ४०० च्या रोलला एफ/१६ वर (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तर छिद्र लहान) साधारण १/४०० सेकंदाचा शटर लागतो. पेंटॅक्स के१००० कॅमेऱ्याचं फ्लॅश सिंक (फ्लॅशशी जुळणारा सगळ्यात वेगवान शटर) १/६० चं. म्हणजे एफ/१६ वरच पावणेतीन स्टॉप जास्त, आणि एफ/२२ ला गेलात तरी पावणेदोन. नंतरच्या निकॉन एफएम२ चं सिंक १/२५०, तिथं २०० वर लावलेला रोल एफ/१६ ला बरोबर बसतो. सगळ्यात सुखी तो याशिका मॅट १२४जी वाला, कारण त्याचं लीफ शटर (लेन्समधलं, पाकळ्यांचं) १/५०० ला सुद्धा फ्लॅशशी जुळतं. पण त्यात १२० चा (रुंद फिल्मचा) रोल, फ्रेम १२.

डिजिटलमध्ये आयएसओ १००, १/२००, एफ/११. मीटरमध्ये ३६ गाइड नंबरचा (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) फ्लॅश पूर्ण ताकदीवर असला तर ३६ भागिले ११, म्हणजे सव्वातीन मीटरपर्यंत पोचतो. चेहऱ्याला तेवढं पुरतं. हाय-स्पीड सिंकच्या (सिंकपेक्षा वेगवान शटरला फ्लॅश मारायच्या) नादी दुपारी लागू नका, त्यात फ्लॅशची ताकद निम्म्याहून खाली येते आणि सेल उन्हात उकळतात.

पंगत_पहिली

रात्रीच्या रिसेप्शनचं काय?

रॉ_राजेहो

तिथं तर विषयच संपते. शेतातलं रिसेप्शन, वर आभाळ, फ्लॅश आदळाले छत नाई. ४०० चा रोल, एफ/४, १/६०: साडेचार मीटरवरच्या जोडीले तोच फ्लॅश सोळाव्या भागावर पुरते, जोडी चांगली येते, पण मागं सारा अंधार. डिजिटलमध्ये ३२०० वर, एफ/२.८, शटर तोच: मागचा मांडव चार स्टॉप उजळ. तीन स्टॉप आयएसओचे, एक काचेचा. गावानं हप्ताभर राबून लायटिंग लावली, ते फोटोत दिसाले नको?

रोल पुश करा (जास्त आयएसओवर काढून जास्त वेळ धुवा) म्हनान. एक मधातला फोटो पुश होत नाई, अख्खा रोल होते. दुपारचे वीस फोटो त्याच रोलवर असले तर त्यायचा बी कॉन्ट्रास्ट वाढते.

सदतीस_पॉइंट_आठ

दोन्हीकडचे लॅबबद्दल बोलत नाहीत, आणि खरा घोळ तिथंच होतो.

सी-४१ मध्ये (रंगीत निगेटिव्ह धुण्याची पद्धत) डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) ३७.८ डिग्रीला, ३ मिनिटं १५ सेकंद. तापमानात पाव डिग्रीही इकडंतिकडं चालत नाही. (मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी फुकटात अडतीस डिग्रीला असतं हा विनोद लॅबवाल्यांना सांगू नका.) पण तापमानापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे रिकामी बसलेली मशीन. या मशीनमध्ये प्रत्येक रोलमागे ताजं रसायन थोडं थोडं आत जातं आणि जुनं बाहेर पडतं. रोज पुरेसे रोल आले तर टाकी ताजी राहते. आठवड्याला चार रोल आले तर डेव्हलपर हवेनं खराब होतो आणि निगेटिव्ह पातळ, फिकी निघते. गावोगावच्या मिनी लॅब बंद पडल्या त्या काळात हेच झालं: काम कमी म्हणून रसायन शिळं, रसायन शिळं म्हणून काम अजून कमी.

म्हणून लग्नाचा माल देण्याआधी एक चाचणी रोल द्या. लॅबला दोनच प्रश्न विचारा: आठवड्याला किती रोल धुता, आणि कंट्रोल स्ट्रिप (रसायन ठीक आहे का ते तपासायची फिल्मची पट्टी) चालवता का. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर नमस्कार करून निघा. रोल दुसऱ्या शहरात पाठवायचे असतील तर दोन पार्सलांत, दोन वेगळ्या दिवशी पाठवा, म्हणजे एक हरवलं तरी अर्धं लग्न हातात राहतं. प्रत्येक डबीवर मार्करनं क्रमांक, प्रसंग आणि कितीवर काढला ते लिहा.

आणि हे अल्बमवाल्यांसाठी. आपल्याकडं १२ बाय ३६ इंचाची शीट चालते. साधं लॅब स्कॅन साधारण ३००० बाय २००० पिक्सेलचं येतं. तो एकच फोटो शीटभर पसरला तर ३००० भागिले ३६, म्हणजे इंचाला ८३ ठिपके. चेहरा कापसाच्या बोंडासारखा फुगीर दिसतो आणि दोष फिल्मला लागतो. मोठं स्कॅन मागा, नाहीतर त्या शीटवर तीन छोटे फोटो बसवा.

काळी_कसदार

हा ८३ चा हिशेब छापून दुकानात लावायला पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक फिल्मचे पैसे देतं आणि हातात मोबाइलपेक्षा मऊ फोटो येतो. शिवाय वरात निघायच्या आत त्याला स्टेटसला फोटो हवे असतात. फिल्मवाला तेव्हा काय देणार, डबी?

चांदीचा_कण

स्टेटसचे फोटो नवरीचा मामेभाऊ टाकतोच, त्यासाठी तुम्हाला पैसे देत नाहीत.

आता डिजिटलच्या खोडी ऐका. डीजेच्या लेझरची तार मिररलेसच्या (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याच्या) उघड्या सेन्सरवर आली की कायमची रेघ किंवा मेलेले ठिपके. फिल्मवर तीच तार आली तर एक फ्रेम गेली, पुढची कोरी. आरशातून पाहणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यात मात्र सेन्सरऐवजी डोळा धोक्यात असतो, म्हणून लेझर चालू असताना स्टेजकडं तोंडच करू नका.

स्वस्तातली नकली कार्डं घ्या. वर ६४ लिहिलेलं, आत ८ जीबी. भरल्यावरही फोटो "सेव्ह" होत राहतात आणि घरी गेल्यावर अर्धी हळद करड्या पट्ट्यांची. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवलेली नसतात, मग अल्बम लावताना कन्यादानाआधी बिदाई येते. धूळही आहेच. काच बदलताना सेन्सरवर बसलेला कण दिवसभर प्रत्येक फोटोत दिसतो. फिल्ममध्ये दर फ्रेमला पृष्ठभाग नवा.

दुसरा_शटर

धुळीचं अर्धंच सांगितलंत. प्रेशर प्लेटवर (फिल्म मागून सपाट दाबून धरणाऱ्या पट्टीवर) वाळूचा एक खडा अडकला की रोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ओढली जाते, छत्तीसच्या छत्तीस फोटोंवर. सेन्सरचा ठिपका एफ/११ च्या पुढंच ठळक दिसतो आणि एका क्लिकमध्ये पुसता येतो. आणि दोन स्लॉटचा कॅमेरा असेल, एका कार्डावर रॉ, दुसऱ्यावर जेपीजी, तर कार्ड मरणं ही अडचण राहते, आपत्ती नाही. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून, परत वाचून बघा, नकली असेल तर तिथंच उघडं पडतं.

एलईडी पारमुळं (स्टेजच्या रंगीत दिव्यांमुळं) फोटोत येणाऱ्या पट्ट्यांचा दोष मात्र फक्त डिजिटलला लावू नका. पडदा-शटरच्या (फिल्मसमोरून पडदा सरकणाऱ्या) फिल्म कॅमेऱ्यातही वेगवान शटरला पट्ट्या येतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद, वेग १/१०० किंवा १/५०, बहुतेक वेळा सुटका होते.

उन्हाळी_तुळस

दादांनो, भांडण "अख्खं लग्न" या शब्दांवर चाललंय. ते सोडा. हळदीच्या सकाळी, ऊन तिरपं असताना ओसरीत दोन रोल: एक रंगीत, एक कृष्णधवल. नवरीची आजी, तेलाची वाटी, हळदीनं माखलेले हात. तिथं घाई नसते, उजेड एकाच बाजूचा असतो, रोल बदलायला वेळ असतो. बाकी सगळं डिजिटल. दरपत्रकात हे दोन रोल वेगळे लिहा आणि धुण्या-स्कॅनचा खर्च आगाऊ घ्या.

ज्यांना लग्नही फिल्मवर घ्यायचंच आहे, त्यांनी निदान मंगलाष्टकं मोजा. भटजींना आधीच विचारा किती म्हणणार. शेवटची दोन उरली की रोलवर कितीही फ्रेम शिल्लक असो, गुंडाळा आणि नवा घाला. अंतरपाट सरकतो, अक्षता उडतात, बेंजो सुरू होतो आणि हार पडतात, सगळं पाच-सहा सेकंदांचं. तिथं ३४ व्या फ्रेमवर असणं म्हणजे संपलं. रोल घातल्यावर रिवाइंडची चकती सैल उरू देऊ नका, थोडी उलटी फिरवून ताणून घ्या, आणि पुढं सरकवताना ती फिरते का बघा. फिरली नाही तर फिल्म दातात अडकलेलीच नाही, आणि तुम्ही पूर्ण लग्न कोऱ्या हवेवर काढाल.

काळी_कसदार

ताई, हळदीचे दोन रोल मान्य. अंतरपाट मात्र मी दोन स्लॉटवाल्यालाच देईन.

कृष्णधवल घरी धुता येतो ना? मग लॅबची कटकटच नाही.

सदतीस_पॉइंट_आठ

येतो, पण इथं उन्हाळा उलटा नडतो. एचपी५ ही कृष्णधवल फिल्म आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ (पाणी न वाढवलेल्या) द्रावणात २० डिग्रीला साडेसात मिनिटं. नळाचं पाणी ३५ चं असेल तर घमेल्यात बर्फ घालून डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणी तिन्ही एकाच तापमानाला आणा. डेव्हलपर गार आणि धुणं गरम असं केलंत तर जिलेटिन फुगून मऊ पडतं, नख लागलं तरी ओरखडा. गरम डेव्हलपरमध्ये वेळ कमी करून भागवू नका, पाच मिनिटांच्या खाली गेलात की आभाळ डागाळतं.

बोअरचं पाणी जड असेल तिथं शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी एकसारखं निथळू देणारं द्रव्य) दोन-तीन थेंब, नाहीतर वाळल्यावर चुन्याचे गोल उरतात. वाळत अंगणात घालू नका, कापसाचा तंतू ओल्या फिल्मला चिकटला की निघत नाही. न्हाणीघरात आधी दोन तांबे पाणी भिंतींवर मारा म्हणजे धूळ बसते, मग दोरीला चिमटा लावून टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला. दार बंद, पंखा बंद.